टूर ऑफिसची, मग मावशींचे पैसे कुणी द्यायचे?

गेल्या अंकात एका वाचक बाईंनी जाता जाता एक ओळ लिहिली होती, की कामासाठी बाहेरगावी गेल्यावर घरी मुलाला सांभाळायला जो जास्तीचा खर्च होतो तो कंपनीने द्यायला नको का. ओळ एक आणि पत्रं ढीगभर. कुणी म्हणतंय द्यायलाच पाहिजे, कुणी म्हणतंय उद्या तुळशीला पाणी घालायचे पण पैसे मागाल, आणि ठाण्याच्या एका गृहस्थांनी तर त्यांच्या कुत्र्याच्या हॉस्टेलची पावतीच जोडून पाठवलीय. म्हणून यावेळचा सगळा कॉलम याच विषयाला. पत्रं थोडी कापलीत, नावं काढलीत.

प्रश्न : मी चिंचवडला राहते, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत सप्लायर क्वालिटीला आहे. मुलगी साडेतीन वर्षांची. अधूनमधून होसूर नाहीतर साणंदला ऑडिटला जावं लागतं, तीन रात्री. दिवसा पाळणाघर आहे पण ते सातला बंद होतं आणि मिस्टरांचा महिन्यातला एक आठवडा नाइट शिफ्टचा. टूर नेमकी त्या आठवड्यात आली की आमच्या कामाच्या मावशींना रात्री राहायला सांगते, त्या रात्रीचे ७०० घेतात आणि त्यात चूक काही नाही, त्यांनाही घरदार आहे. मागच्या वेळी मी हे २१०० रुपये क्लेममध्ये टाकले तर एचआरने 'पर्सनल' लिहून कापले. त्याच क्लेममधले हॉटेलच्या लाँड्रीचे ४८० मात्र पास! माझं मागणं चुकीचं आहे का?

उत्तर : लाँड्रीचं वाचून आधी हसू आलं आणि मग चिडचिड झाली. कारण सगळा घोळ तिथेच आहे. कपडे तर तुम्ही घरीही धुता, म्हणजे ती पण पर्सनलच गोष्ट झाली की, मग कंपनी ते पैसे का देते? तर तुम्ही घरी नाही, मशीन लावता येत नाही, बाहेर गेल्यामुळे खर्च वाढला, म्हणून. जेवणाचं पण तेच, माणूस घरीही जेवतोच पण होसूरला बाहेर खायला जास्त लागतात म्हणून डीए, म्हणजे रोजचा भत्ता. या हिशोबाने मावशींची रात्र लाँड्रीच्या आधी पास व्हायला पाहिजे होती. मी स्वतः एकच प्रश्न विचारते, टूर नसती तर हा खर्च झाला असता का? पाळणाघराची महिन्याची फी झालीच असती, ती मागू नका. मावशींच्या त्या तीन रात्री फक्त टूरमुळे आल्या, त्या मागा, आणि मागताना ओशाळू नका.

आता कायदा. 'कायद्यात कुठंय?' हे एचआरचं पहिलं वाक्य असतं, मी बरीच वर्षं त्याच खुर्चीत काढलीत त्यामुळे माहितीये. तर टूरवर असताना मूल सांभाळायचे पैसे द्या असं आपल्या कायद्यात नाही, हे मान्य करूनच बोलायला बसा. पण मूल सांभाळणं ही बाईची खासगी भानगड, कामाशी त्याचा काय संबंध, असं आपला कायदा कधी म्हणाला नाही बरं का. १९४८ चा कारखाने कायदा घ्या, त्यात ३० पेक्षा जास्त बायका कामाला असल्या की पाळणाघर ठेवावंच लागायचं. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली, ५० किंवा जास्त कर्मचारी असले की पाळणाघराची सोय आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा. आणि सगळ्यात भारी म्हणजे रोजगार हमीचा २००५ चा केंद्राचा कायदा, त्यात अशी तरतूद होती की कामावर आलेल्या बायकांची सहा वर्षांखालची पाच पोरं जरी तिथे असली तरी त्यातल्या एका बाईला फक्त पोरं सांभाळायला बसवायचं आणि तिला पूर्ण मजुरी द्यायची. म्हणजे नाल्याची माती उपसणाऱ्या बाईचं पोर सांभाळणं हा कामाचा खर्च आणि सप्लायरकडे जाऊन लाखोंचा माल पास-नापास करणाऱ्या बाईचं पोर मात्र पर्सनल, असं कसं चालेल? फरक एवढाच की हे सगळे कायदे दिवसाचा आणि एका जागेच्या कामाचा विचार करून लिहिलेत. रात्रीचं आणि परगावचं त्यांच्या डोक्यातच नव्हतं.

टॅक्सचं पण सांगते, नाहीतर मिळाल्यावर परत मला पत्र लिहाल. टूरवरचा प्रवास, राहणं, रोजचा भत्ता हे खर्च झाले तेवढे करमुक्त असतात. पण तुमची घरची जबाबदारी कंपनीने भागवली तर आयकरवाले ती पर्क्विझिट, म्हणजे पगाराशिवाय मिळालेला फायदा, म्हणून पगारात धरतात. त्यामुळे पेरोलवाले बहुतेक टीडीएस कापतील आणि ७०० चे हातात ७०० येणार नाहीत. सरकारला मुलांच्या खर्चाचं किती कौतुक होतं ते जुन्या कर पद्धतीतल्या सवलतीवरून कळतं, शिक्षण भत्ता करमुक्त कुठपर्यंत तर मुलामागे महिना १०० रुपये, वर्षानुवर्षं तोच आकडा होता, तेवढ्यात वह्यांना कव्हरं पण येत नव्हती.

एचआरला परत मेल करा पण 'आई म्हणून माझी अडचण' असं लिहू नका प्लीज. लिहा की टूरमुळे वाढलेला खर्च आहे, रात्रीमागे इतका आहे, वर्षाला साधारण इतका होईल, कमाल मर्यादा तुम्ही ठरवा. आणि हा नियम बापांनाही लागू करा असं स्वतःहून सुचवा. कारण जी सवलत फक्त बायकांना मिळते तिचा हिशोब मॅनेजर लोक मनातल्या मनात करत असतात, की हिला पाठवलं तर हॉटेल अधिक मावशी, त्याला पाठवलं तर नुसतं हॉटेल, मग त्यालाच पाठवू. मातृत्व रजेचं हेच झालं ना, २६ आठवड्यांचा सगळा पगार बहुतेक ऑफिसांत मालकाने द्यायचा आणि खासगी नोकरीतल्या बापाला मात्र कायद्याने एक दिवस नाही, मग नवीन लग्न झालेल्या मुलीला इंटरव्ह्यूत 'फॅमिली प्लॅनिंग काय?' विचारणारे निघतातच.

एक राहिलं. मिस्टरांच्या कंपनीला विचारलंत का? तुमच्या टूरच्या आठवड्यात त्यांनी नाइट बदलून दिली तर २१०० लागतच नाहीत. शिफ्ट बदलायला सुपरवायझरचा एक फोन पुरतो, पण बाप लोक हे विचारायला लाजतात, सगळा क्लेम बायकोच्या कंपनीवर.

प्रश्न : पावती जोडली आहे, कृपया बघावी. मी ठाण्यात एकटा राहतो, बँकेच्या सॉफ्टवेअरचं काम करतो, क्लायंटकडे इन्स्टॉलेशनला सारखं बाहेर जावं लागतं. माझ्याकडे सहा वर्षांची देशी कुत्री आहे, रस्त्यावरून उचलून आणलेली. गेल्या खेपेला चार दिवसांचे बोर्डिंगचे ३६०० झाले, त्यात फ्लाइट पहाटेची म्हणून तिला आदल्या संध्याकाळीच सोडावं लागलं तर त्या रात्रीचे वेगळे लावले. मुलांचे पैसे द्यावेत म्हणता मग माझ्या मुलीचे का नाही? आणि दुसरं म्हणजे टीममधल्या सगळ्यांना मुलं आहेत त्यामुळे प्रत्येक टूर माझ्याच गळ्यात. 'तुझं काय, तू मोकळाच आहेस.'

उत्तर : पावती बघितली, पूर्ण वाचली. दोन वेळचं फिरवणं, दही-भात वेगळा, औषध द्यायचे वेगळे. ज्यांनी कधी कुत्रं पाळलं नाही त्यांना वाटतं शेजाऱ्याकडे चावी दिली की झालं. तसं नसतं. बोर्डिंगवाले लसीकरणाचं पुस्तक बघितल्याशिवाय आत घेत नाहीत, रेबीजची तारीख उलटली असेल तर गेटवरूनच परत, चांगली जागा असेल तर केनेल कफची लसही मागतात कारण एकाला खोकला झाला की आठवड्यात सगळे खोकतात. कुत्री माजावर असेल तर बरेच जण नाहीच म्हणतात. सोडायची वेळ सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा आणि ऑफिसवाले तिकीट काढणार पहाटे सहाचं, कारण ते स्वस्त! म्हणजे तिकिटात वाचवलेले पैसे कंपनीच्या खिशात आणि बोर्डिंगची जादा रात्र तुमच्या. दिवाळीत तर जागाच मिळत नाही.

बरोबर न्यायचं म्हटलं तरी रेल्वेत फर्स्ट एसीचा आख्खा कूपे बुक करा नाहीतर गार्डाच्या डब्यातल्या पेटीत ठेवा, आणि वर क्लायंटच्या ऑफिसात कुत्री घेऊन कोण येऊ देणार. नुसतं घरी ठेवून जाणं तर चालतच नाही, प्राण्यांचा छळ रोखणारा १९६० चा कायदा आहे, पुरेसं अन्न-पाणी-आसरा न देणं हा मालकाचा गुन्हा ठरतो. म्हणजे जबाबदारी शंभर टक्के तुमची आणि ती टाळता येत नाही. इथपर्यंत मी तुमच्या बाजूने.

आता जे आवडणार नाही ते. वरच्या पत्रात लावला तोच प्रश्न लावला तर बोर्डिंगचा खर्च टूरमुळेच झाला, त्यामुळे तुमचं मागणं फालतू नाही. पण दोन्हीला सारखं तोलायला मी तयार नाही. कुत्र्याला ठेवायला ठाण्यात, पुण्यात, नाशकात सोय मिळते, पैसे मोजले की मिळते. साडेतीन वर्षांच्या मुलीला रात्री ठेवायला जागा नाही, रात्रीची पाळणाघरं आपल्याकडे जवळपास नाहीतच, तिला ओळखीचं माणूसच लागतं आणि ते माणूस नाही मिळालं तर टूर रद्द किंवा नोकरी सोडा. माणसाचं पोर आधी. यावर रागवायचं तर रागवा.

म्हणून माझं म्हणणं असं की टूरवर जाणाऱ्या प्रत्येकाला रात्रीमागे एक छोटी ठरलेली रक्कम द्यावी, घर सांभाळायचा भत्ता समजा, आणि त्याचं काय केलं ते विचारूच नये. कुणी कुत्र्याला देईल, कुणी मांजरीला खायला घालणाऱ्या शेजारच्या मुलाला, कुणी तुळशीला, कुणी नुसता खिशात टाकेल, टाकू दे. यातून तुमच्या ३६०० पैकी सगळे निघणार नाहीत पण बराच भाग निघेल. आणि ज्याच्या घरी मूल, अंथरुणाला खिळलेले आईवडील, असं एकटं राहूच न शकणारं माणूस आहे त्याला यावर आणखी क्लेम, मर्यादा घालून.

खरं सांगू का, तुमच्या पत्रातलं मोठं दुखणं दुसरंच आहे, 'तू मोकळाच आहेस' हे. तिथे पैसे मागू नका, पाळी लावून मागा. टूरचा तक्ता भिंतीवर लागला पाहिजे, कुणाच्या नावावर वर्षात किती रात्री झाल्या ते दिसलं पाहिजे, आणि रविवारी प्रवास झाला तर बदली सुट्टी. एकट्या माणसाचा वेळ फुकटचा असतो असं समजणारे मॅनेजर पैशाला घाबरत नाहीत, तक्त्याला घाबरतात. आणि तिकीट काढायच्या आधी तुम्हाला विचारायचं, पहाटेचं की दुपारचं, एवढ्यानेही एक रात्र वाचते.

प्रश्न : मी साताऱ्याची, वय ६८. मुलगा-सून खराडीला. सूनबाई टूरवर निघाली की मला फोन, आई दोन दिवस याल का. दोनाचे पाच होतात. नातवावर जीव आहे म्हणून जाते, पण माझी भिशी, भजनी मंडळ, गुडघ्याचा डॉक्टर सगळं इकडे. तुम्ही कामवाल्या मावशींना रात्रीचे पैसे द्या असं लिहिता म्हणे, मग मी काय फुकटची?

उत्तर : काकू, नाही, फुकटच्या नाही. पण फुकट समजलं मात्र जातंय, आणि त्यात मुलगा-सुनेइतकीच त्यांची कंपनी सामील आहे. सूनबाईंच्या मॅनेजरला वाटत असेल आपल्या टीमला टूरचा काही प्रॉब्लेमच नाही, सगळं कसं सुरळीत. सुरळीत आहे कारण साताऱ्याची एक बाई गुडघे धरून पुण्याची गाडी पकडतेय.

तुम्हाला क्रिकेटमधली गोष्ट सांगते. २०२२ चा बायकांचा वर्ल्ड कप न्यूझीलंडला झाला तेव्हा पाकिस्तानची कॅप्टन बिस्माह मारूफ सहा-सात महिन्यांची लेक घेऊन गेली होती, आणि मुलीला सांभाळायला बरोबर बिस्माहची आई. भारताबरोबरची मॅच झाल्यावर आपल्या पोरी त्या बाळाभोवती गोळा झाल्या होत्या तो फोटो तुमच्या नातवाने नाहीतर मुलाने दाखवला असेल. तर ती आजी गेली कशी? त्यांच्या बोर्डाने २०२१ मध्ये नियम केला होता की तान्हं मूल घेऊन दौऱ्यावर जाणारी खेळाडू आपल्या पसंतीचं एक माणूस बरोबर नेऊ शकते आणि त्या माणसाचा प्रवास-राहण्याचा खर्च बोर्ड आणि खेळाडू निम्मा निम्मा करतील. म्हणजे आजी येणार, पण तिचं तिकीट कुणीतरी हिशोबात धरलेलं.

तुमच्या बाबतीत तर हिशोब किती छोटा. एसटीत २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, ७५ झाल्यावर तर एसटी फुकटच. गुडघे दुखतात तर कंपनीने तुम्हाला साताऱ्याहून खराडीपर्यंत टॅक्सी दिली तरी ती सूनबाईंच्या विमानाच्या तिकिटापुढे किरकोळ. सुनेला सांगा, क्लेममध्ये 'मूल सांभाळायला येणाऱ्या व्यक्तीचा प्रवास' असं लिहून टाक, नामंजूर झाला तरी टाक, चार जणींनी टाकला की कुणीतरी विचार करेल. आणि एक तुमच्या हातातलं. टूरची तारीख ठरायच्या आधी मला विचारायचं, नंतर नाही, असं स्पष्ट सांगा. भजनी मंडळाचा कार्यक्रम असेल त्या आठवड्यात 'मला जमणार नाही' म्हणून बघा, टूर पुढे जाते, जगबुडी होत नाही.

मुलाने वेगळे पैसे दिले तर घ्या हो. 'घरच्याच माणसाला कसले पैसे' असं तुम्हीच म्हणायचं आणि मनात कुढत बसायचं, यात कुणाचंच भलं नाही.

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत माझं मशीन शॉप आहे, १६ माणसं. क्वालिटीला एक मुलगी आहे, हुशार आहे, पुण्याच्या कस्टमरची तक्रार आली की तिलाच पाठवावं लागतंय. तिला आता बाळ झालंय, दीड वर्षाचं. तुमचं ते मोठ्या कंपन्यांचं सगळं ठीक आहे ओ, पण माझ्याकडं पेमेंट ९० दिवसांनी येतंय, मी कुठनं देऊ?

उत्तर : तुम्ही लिहिलंत हेच मला आवडलं, कारण दहातले नऊ मालक अशा वेळी दुसरा मुलगा शोधायला लागतात. तुम्हाला पाळणाघराचा नियम लागू नाही, ५० माणसांची अट आहे, आणि तुमच्यावर नवा खर्च लादावा असं मीही म्हणणार नाही.

पण आधी बघा, खर्च आहे का? कोल्हापूर-पुणे. पहाटे निघून रात्री घरी परत येता येतं, कंपनीची गाडी दिलीत तर. बस आणि लॉज करण्यापेक्षा गाडीचे थोडे जास्त लागतील पण रात्र वाचेल. कस्टमरला सांगा माणूस अकराला पोचेल, आठला नाही. तक्रारीचे फोटो, मापं आदल्या दिवशी मागवून घ्या, निम्म्या तक्रारी व्हिडिओ कॉलवर मिटतात, गेज घेऊन समोर उभं राहायची गरज प्रत्येक वेळी नसते. आणि राहावंच लागलं तर वर काकूंना सांगितला तोच निम्मा-निम्मा हिशोब लावा, तिच्या आईला नाहीतर सासूला बरोबर जाऊ दे, खोली एकच लागते, जेवणाचं एक ताट वाढतं. तुमच्या ड्रायव्हरला बाहेर मुक्काम पडला की तुम्ही भत्ता देताच ना, न मागता? तसंच हे धरा. ती मुलगी गेली तर नवीन माणसाला तुमची ड्रॉइंग समजेपर्यंत रिजेक्शनमध्ये किती जातील याचा आकडा मी सांगायची गरज नाही.

प्रश्न : जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे, विदर्भात. इलेक्शन ड्युटी लागली की आदल्या दिवशी पेट्या घेऊन निघायचं, रात्री केंद्रावरच मुक्काम, दुसऱ्या दिवशी साहित्य जमा करेपर्यंत मध्यरात्र. भत्ता मिळतो, मुलाचं कोण बघणार ते कुणी विचारत नाही. सरकार तर आदर्श मालक ना?

उत्तर : आदर्श मालक रजा देतो, पैसे देत नाही. केंद्राच्या महिला कर्मचाऱ्यांना सगळ्या नोकरीत मिळून ७३० दिवस बालसंगोपन रजा आहे, राज्याने २०१८ मध्ये १८० दिवस दिली. पण ड्युटीच्या दिवशी रजा टाकता येत नाही तिथे या रजेचा काय उपयोग. अंगावर पिणारं बाळ असेल तर ड्युटीतून सूट मागा, लेखी मागा, कागद जोडा, आणि यादी निघाल्यावर नको, माहिती भरून घेतात तेव्हाच. नवरा-बायको दोघेही शिक्षक असतील तर दोघांना एकाच दिवशी पाठवू नका असाही अर्ज द्या, तो ऐकला जाण्याची शक्यता जास्त, कारण त्यात पैसे लागत नाहीत.

प्रश्न : जर्मनीत स्टुटगार्टला असतो. इथे असं आहे की कामाच्या तातडीच्या कारणासाठी १४ वर्षांखालच्या मुलाला सांभाळायला कुणी ठेवावं लागलं तर कंपनी वर्षाला ६०० युरोपर्यंत पगाराव्यतिरिक्त देऊ शकते आणि त्यावर टॅक्स नाही. २०१५ पासून आहे. वाचकांना कळावं म्हणून लिहितोय.

उत्तर : छान केलंत. यात माझ्या कामाचा शब्द 'देऊ शकते' हा. सक्ती नाही, पण दिले तर सरकार त्यात हात घालत नाही. आपल्याकडे एवढं झालं तरी पुष्कळ. त्याच तुमच्या जर्मनीत मांजर सांभाळायला घरी येणाऱ्या माणसाचा खर्च घरकामाच्या कर-सवलतीत धरा असं तिथल्या सर्वोच्च कर न्यायालयाने २०१५ मध्येच सांगितलं, ठाण्याच्या गृहस्थांसाठी मुद्दाम लिहितेय. मात्र ती सवलत मांजरवाल्याला, कंपनीचा त्यात संबंध नाही.

प्रश्न : मी हिंजवडीत एचआरला आहे, नवीन ट्रॅव्हल पॉलिसी लिहायचं काम माझ्याकडे आलंय. मॅनेजमेंट म्हणतंय मुलांचं काहीतरी घाला, चांगलं दिसतं. नेमकं काय घालू?

उत्तर : चांगलं दिसायला घालणार असाल तर अमेरिकेतल्या बड्या गुंतवणूक कंपनीची नक्कल करा, केकेआरने २०१५ मध्ये जाहीर केलं होतं की बाळ वर्षाचं होईपर्यंत बाळ आणि त्याला सांभाळणारी बाई दोघांनाही कामाच्या दौऱ्यावर न्या, खर्च आमचा. बातमी मस्त होते. पण आपल्याकडे बहुतेक आईंना बाळ विमानात न्यायचं नसतं, ते घरीच नीट राहावं एवढंच हवं असतं. त्यामुळे घरच्या खर्चाचं लिहा.

सगळ्यांना रात्रीमागे ठरलेला छोटा भत्ता, प्रश्न न विचारता. त्यावर मूल किंवा आजारी-म्हातारं माणूस घरी असेल तर वाढलेल्या खर्चाचा क्लेम, रात्रीची मर्यादा तुमच्या हॉटेलच्या मर्यादेच्या प्रमाणात ठरवा म्हणजे दर दोन वर्षांनी भांडावं लागत नाही, हॉटेल वाढलं की हेही वाढतं. आई-बाप दोघांना लागू, हे ठळक अक्षरात, कारण बाप टूरवर गेला की घरच्या बाईची ओढाताण होतेच, ती नोकरी करत असेल तर तिलाही संध्याकाळी कुणीतरी ठेवावं लागतं. मावशींकडून जीएसटीचं बिल मागू नका हो, त्या कुठून देणार, साधं सही केलेलं व्हाउचर किंवा यूपीआयचा स्क्रीनशॉट चालवा. घरातली आजी आली तर तिचा प्रवासखर्च चालेल हे वेगळं लिहा, नाहीतर अकाउंट्सवाले 'नातेवाईक' बघून कापतील. किमान आठवडाभर आधी टूरची सूचना, आणि त्यापेक्षा उशिरा सांगितली तर मर्यादा दीडपट, हे घाला आणि गंमत बघा, अचानक निघणाऱ्या टूर निम्म्या होतील.

एक वाक्य मात्र अजिबात नको, 'अपवादात्मक परिस्थितीत, मॅनेजरच्या मंजुरीने'. क्लेम मॅनेजरकडे गेलाच नाही पाहिजे, थेट अकाउंट्सला. कुणाच्या घरी रात्री किती खर्च येतो हे मॅनेजरला दिसलं की पुढच्या टूरच्या यादीतून नाव गळतं आणि तिला वाटतं बरं झालं, सुटले, आणि दोन वर्षांनी प्रमोशनच्या वेळी विचारतात तुमचा क्लायंट एक्स्पोजर कमी का.

टीडीएसचं पेरोलशी आधी बोलून घ्या आणि कापणार असाल तर पॉलिसीतच तसं लिहा, म्हणजे पगाराच्या दिवशी फोन येणार नाहीत. फॉर्म एका पानाचा ठेवा आणि मराठीतही छापा, तुमच्याकडचे सर्व्हिस टेक्निशियन आणि ड्रायव्हर पण बाहेर मुक्कामाला जातात, त्यांच्याही घरी पोरं असतात.